सासऱ्यांची कवळी आणि माझं यंत्र

कडक प्लास्टिकच्या आतलं चित्र काढण्यात मी सहा वर्षं घालवली आहेत. दवाखान्यातल्या एमआरआयला पाणी, चरबी असलं मऊ काहीतरी लागतं. कडक प्लास्टिकमधून येणारा संदेश डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी विझतो. आमचं यंत्र तो विझायच्या आत पकडतं. निदान अनुदानाच्या अर्जात मी तसं लिहितो.

त्या रविवारी जेवताना सासरे गाल धरून बसले. खालची कवळी टोचत होती. दातांच्या डॉक्टरांनी गुरुवारची वेळ दिली होती.

"बाबा, कवळी म्हणजे कडक प्लास्टिकच," मी म्हणालो. "आत बारीक तडा असणार. माझ्याकडे द्या, उद्या सांगतो."

"अहो, डॉक्टर बघतील की," बायको म्हणाली. मी इतका फुगलो होतो की मला ते ऐकूच आलं नाही.

सोमवारी कवळी सात तास यंत्रात होती. चित्रात करडी कमान आली आणि डावीकडे एक लखलखीत ठिपका. तडा, आणि त्यात मुरलेलं पाणी, असं मी जाहीर केलं. रंगीत प्रती काढून विभागप्रमुखांना दिल्या आणि त्या नादात दोन दिवस कवळी घरी न्यायचीच विसरलो. सासरे कुस्करलेल्या केळ्यांवर राहिले.

गुरुवारी मी प्रती घेऊन सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी चित्र आदराने पाहिलं, कवळी उलटी केली आणि ठिपक्याच्या जागी नखाने खरवडलं. नखावर गुलाबी चिकट गोळा आला.

"ही कवळी बसवायची पेस्ट. धुतली नव्हती का?"

मऊ वस्तू आमच्या यंत्रात झळकते, हे मीच विद्यार्थ्यांना शिकवतो. मी छताकडे पाहिलं.

बाईंनी कडेवरून बोट फिरवलं, एक उंचवटा शोधला आणि दोन मिनिटांत घासून टाकला.

"आता छान बसली," सासरे म्हणाले. "जावईबापूंनी मेहनत मात्र फार घेतली." ते मनापासून बोलत होते, म्हणून जास्त लागलं.

विभागप्रमुखांना खरं सांगणं भाग होतं. ते हसले नाहीत. "ठिपका सोडा हो. ती करडी कमान बघा. कडक प्लास्टिक इतकं स्वच्छ आपल्याला कधी मिळालं होतं? धुऊन पुन्हा घ्या."

सहा वर्षांचं काम फत्ते झालं होतं आणि मी पेस्ट न्याहाळत बसलो होतो.

संध्याकाळी सासऱ्यांपुढे विषय काढायला मला अर्धा तास लागला.

"पुन्हा सात तास?" त्यांनी विचारलं. "मग मी तिथेच येऊन बसतो. तुमचा काही भरवसा नाही."

शुक्रवारी ते प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर दिवसभर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोळक्या तोंडाने सांगत राहिले, की आत आपल्या दातांवर संशोधन चाललं आहे.