उघड्या तोंडाची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. म्हातारपणी राग बरा नव्हे म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझ्यासारखं दोन वर्षं पोटात धरून गप्प उभं राहावं, मग बोलावं.

कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर, शिक्षकांच्या खोलीबाहेर, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी माझी जागा. सुताराने मला मोडक्या बाकांच्या फळ्यांतून घडवलं. म्हणून माझ्या आतल्या बाजूला अजून कर्कटकाने कोरलेली अक्षरं आहेत, एक बदकही आहे. पुढे दार, दाराला कुलूप, आणि वर जाडजूड वही सहज जाईल एवढी फट. फटीला पितळी पट्टी. मुलांनी लिहून आणलेलं काम त्या फटीतून आत टाकायचं आणि मी ते सांभाळायचं, एवढाच माझा धंदा. तो मी चोख केला.

त्या काळी इथे थोरले सर होते. कडक माणूस. शुक्रवारी पाच म्हणजे पाच. उशीर झाला की दिवसाला दहा गुण कापायचे, तीन दिवस उलटले की भोपळा. मुलं त्यांच्या नावाने बोटं मोडायची. पण पाचच्या ठोक्याला सर स्वतः किल्ली घेऊन यायचे, सगळ्या वह्या बाहेर काढायचे, आणि मग बाही वर सारून माझ्या मागच्या डाव्या कोपऱ्यात हात फिरवायचे. तिथे सांधा जरा उचललेला आहे, पातळ कागद तिथे उभा अडकतो. "ज्याने दिलं त्याचं पोचलं पाहिजे," ते म्हणायचे. "कापायचे ते मग कापू."

एका वर्षी त्या कोपऱ्यातून एका मुलीचा चार पानी निबंध निघाला. आपलं काम हरवलं असं समजून ती नळापाशी तोंड धुण्याच्या निमित्ताने रडत होती. निबंध सापडल्यावर तिने मला दोन्ही हातांनी थोपटलं होतं. पुढे तीच मुलगी इथे शिकवायला आली. आता तिला सगळे मॅडम म्हणतात. सर निवृत्त झाले तेव्हा किल्ली त्यांनी तिच्याच हातात दिली. हे सगळं मला लख्ख आठवतं. तिला आठवेना, हे माझ्या रागाचं मूळ.

मग अभ्यासक्रम अर्धा कॉम्प्युटरवर गेला. मॅडमच्या बालसंगोपनाच्या वर्गाला सहा वेळा खोलीत यायचं, बाकीचे धडे आणि प्रश्नोत्तरं घरून. माझी त्याबद्दल तक्रार नाही. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांची सोय झाली, चांगलंच झालं. मॅडमकडे तीस विद्यार्थी होते ते एकशे वीस झाले. पहिल्या तासाला त्या तोंडी सांगायच्या, "एका लहान मुलाच्या निरीक्षणाची नोंदवही हाताने लिहा, पण पानांचे फोटो काढून कॉलेजच्या पोर्टलवर चढवा." तोंडीच. लेखी नियमांत मात्र सातवा नियम होता तसाच राहिला: नोंदवही हस्तलिखित असावी आणि ठरलेल्या तारखेस पाच वाजेपर्यंत शिक्षक-खोलीबाहेरील पेटीत टाकावी. गुण चाळीस. हाच कागद माझ्या दारावर डकवलेला, हाच पोर्टलवरही. दर सत्राला त्यातली तारीख तेवढी बदलायची आणि खाली मॅडमची सही व्हायची.

माझी किल्ली कुठल्याशा खणात पडली. माझ्या अंगाला पोछा आणि बादली टेकली. डोक्यावर शिपाईमामांचा जेवणाचा डबा आला. फटीतून चॉकलेटचे कागद पडू लागले. आणि मित्रांनो, कागदांबरोबर वह्याही पडू लागल्या. एका सत्रात दोन, पुढच्यात तीन, त्याच्या पुढच्यात पुन्हा तीन. पहिल्या तासाला जे नव्हते आणि ज्यांनी नियम वाचून अक्षर न् अक्षर पाळले, त्यांच्या वह्या. दर शुक्रवारी पाच वाजले की मला वाटायचं, आता येतील. कुणी आलं नाही.

या वर्षी ताई आली. पाळणाघरात काम करणारी, चाळिशीची बाई. कामाचा निळा झगा अंगावर तसाच, हातांना साबणाचा वास. साडेचारला धापा टाकत आली, दारावरचा सातवा नियम बोट ठेवून वाचला आणि तपकिरी कव्हरची जाड वही आत सोडली. मग इकडेतिकडे बघून हळूच मला म्हणाली, "सांभाळ गं बाई. महिनाअखेर पास झाल्याचा कागद नाही दाखवला, तर माझ्या जागी दुसरी ठेवणार आहेत. अकरा वर्षं झाली मला तिथे."

मला तोंड होतं, मित्रांनो. पण ते घेण्याचं, बोलण्याचं नव्हे.

निकाल लागला. बाकी साठ गुणांपैकी ताईला एकेचाळीस. नोंदवहीला भोपळा. पास व्हायला पन्नास हवेत. तिने पोर्टलवर तक्रार केली, तर उत्तर आलं, "नियमानुसार आपले काम विहित मुदतीत प्राप्त झालेले नाही." महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा ती दुपारच्या सुट्टीत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, आणि मॅडम खोलीतून बाहेर पडताच आडवी आली.

"मॅडम, माझी वही या पेटीत आहे."

"अहो ताई, ही पेटी केव्हाची बंद आहे. सगळं पोर्टलवर असतं. पहिल्या तासाला सांगितलं होतं मी."

"पहिल्या तासाला पाळणाघरात दोघीजणी आजारी होत्या, मी नव्हते. एक गैरहजेरी चालते. चौथा नियम."

"मग कुणाला तरी विचारायचं होतंत."

"विचारायचं कशाला? लिहिलेलं होतं की." ताईने माझ्या दारावर असं बोट आपटलं की आतलं बदकसुद्धा दचकलं असेल. "हे बघा. सातवा. खाली सही कुणाची आहे?"

मॅडमनी कागद वाचला. "हे जुनं राहिलं असेल चुकून," त्या म्हणाल्या.

"मला एक दिवस उशीर झाला तर तुम्ही दहा गुण कापता. तुमचा नियम दोन वर्षं बदलायचा राहिला, त्याचे किती कापायचे?"

नळावर पाणी पिणारी मुलं प्यायची थांबली. मॅडम लाल झाल्या. "आवाज चढवू नका, ताई."

"चढवला नाही अजून. पाळणाघरात वीस पोरं एकदम रडतात, तिथे चालतो तो आवाज तुम्ही ऐकलेला नाही. पेटी बंद होती ना? मग तिचं तोंड कशाला उघडं ठेवलंत?"

मी दोन वर्षं हेच विचारत होते.

मॅडमनी खण शोधले. किल्ली मिळाली नाही. शिपाईमामा आपला डबा उचलत म्हणाले, "मिळाली असती तरी उपयोग नव्हता. नळाच्या ओलीने हिचं दार फुगलंय. म्हातारी आहे, पण दातखीळ पक्की." त्यांनी पेचकस आणला, बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार पहारीने उचकटलं. माझी एक फळी उभी चिरली. चिरू दे म्हटलं.

आधी चॉकलेटचे कागद सांडले. मग ताईची वही. मग त्याखालच्या. मामा एकेक काढून फरशीवर ठेवत गेले. शेवटची पातळ होती, ती मागच्या डाव्या कोपऱ्यात उभी अडकली होती. मामांच्या हाताला ती लागली नाही. मॅडम पुढे झाल्या, बाही वर सारली आणि हात थेट तिथेच घातला.

आठवलं. पण किती उशिरा!

एकूण नऊ. मॅडम फरशीवरच बसल्या आणि एकेका वहीवरचं नाव बघू लागल्या. "हिने अर्ध्यात सोडलं असं मी धरून चालले," त्या पुटपुटल्या. "आणि याने तीनदा लिहून विचारलं होतं. मी तेच ठरलेलं उत्तर पाठवलं. तीनदा."

ताईचा आवाज खाली आला, राग नाही. "माझी आज वाचा. इथेच. मी थांबते."

मॅडमनी वाचली. पाळणाघरातल्या एका मुलीवर ताईने बारा आठवडे नजर ठेवली होती. पहिल्या पानावर होतं, "आज नवीन आली. डावा बूट छातीशी धरून बसली. कुणाला हात लावू देईना." आणि शेवटच्यावर, "आज झोपताना बूट माझ्याकडे दिला. उठल्यावर परत मागितला नाही." मॅडमनी चष्मा पुसला. चाळीसपैकी तेहेतीस दिले आणि कुठे कमी पडलं तेही सांगितलं. सहीशिक्क्याचा कागद त्याच दुपारी निघाला. ताईची नोकरी राहिली.

तुम्ही म्हणाल, मग पेटीबाई, झालं ना चांगलं? राग सोडा आता. नाही सोडणार.

बाकी आठ जणांना मॅडमनी माझ्या शेजारी स्टुलावर बसून फोन लावले. पाच जण येऊन भेटले, त्यांचे गुण दुरुस्त झाले. दोन नंबर आता लागतच नाहीत. आणि जो तीनदा विचारत होता, त्याने फोन घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी आता रंगकाम करतो, मॅडम. आपल्यालाच जमत नाही असं समजून शिकणं सोडलं. ती वही राहू द्या तिथेच." मॅडमनी ती वही, आणि नंबर न लागलेल्या दोघांच्या दोन, उचलून परत माझ्यात ठेवल्या.

सातवा नियम आता बदलला आहे. दारावरचा जुना कागद मॅडमनी फाडला नाही. स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, कुणाकुणासाठी नियम लिहाल, गुण द्याल, कापाल. जरूर कापा. थोरले सरही कापायचे. पण कापायच्या आधी आपणच लिहिलेला नियम एकदा वाचा, आणि जिथे काम टाकायला सांगितलंत तिथे कोपऱ्यापर्यंत हात घालून बघा. आणि आम्हा मुक्या वस्तूंना वापरायचं नसेल तर सरळ तोंड बुजवा, आम्हाला वाईट वाटणार नाही. तोंड उघडं ठेवून पाठ फिरवू नका.

परवा सुतार येऊन माझ्या नव्या दाराचं माप घेऊन गेला. पण माझ्यात अजून तीन वह्या आहेत, येता-जाता सगळ्यांना दिसतात. त्या ज्यांच्या आहेत ते घेऊन जाईपर्यंत मला दार बसवू नका.