मागच्या जिन्याचं कुलूप

मास्तरांनी भिंतीतला प्लग उपटला आणि चटका बसला तसा हात झटकला. एकाच सॉकेटवर चौघींची केटली, इस्त्री, हीटर आणि फोन, असा सगळा संसार चालला होता.

"बाबा, एवढं काय! सगळ्या खोल्यांत असंच आहे," लेक म्हणाली.

सुट्टीनंतर हॉस्टेलवर तिला पोचवायचं आणि परतायचं, एवढंच मास्तरांचं काम होतं. पण चौथ्या मजल्यावरून उतरायला पुढचा जिना एकच, तोही गाद्यांच्या ढिगाने अर्धा अडलेला, हे त्यांनी चढतानाच पाहिलं होतं. मागचा जिना शोधत ते व्हरांड्याच्या टोकाला गेले. दाराला साखळी आणि मुठीएवढं कुलूप होतं. त्यांनी खांदा लावून पाहिला. दार तसूभरही हललं नाही.

तळमजल्यावर रेक्टरबाई चहा घेत होत्या. त्यांनी मास्तरांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पालकांनीच लावायला लावलंय हो ते. मुली रात्री तिथून सटकतात म्हणून."

"आणि आग लागली तर?"

"किल्ली आहे ना माझ्याकडे."

"तुम्ही खाली, मुली वर. धुरातून किल्ली घेऊन कोण चढणार?"

बाईंनी कप खाली ठेवला. "मला कळत नाही का? पण उद्या कुलूप काढलं आणि एखादी पोरगी पळाली, तर हेच पालक माझ्या नावानं खडे फोडतील. पालकसभेत ठरलंय. तिथूनच बदलून आणा, मी आत्ता उघडते."

मास्तरांनी बाहेर येऊन बायकोला फोन लावला. सभेला तीच गेली होती.

"कुलूप ना? मीच उठून बोलले होते," ती ऐटीत म्हणाली. "तुमच्याच तालमीत तयार झालेय. का, काय झालं?"

त्यांनी सांगितलं.

"अहो, आग काय रोज लागते? पण मुलगी रात्रीबेरात्री बाहेर पडली म्हणजे..."

पुढचं वाक्य मास्तरांना पाठ होतं, कारण ते त्यांचंच होतं. दिवे लागायच्या आत लेक घरी आली नाही, तर हेच मास्तर उंबऱ्यात उभे राहत. भरलेला वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करणाऱ्या माणसानं आता स्वतःच्या बायकोला नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. लेकीला परत न्यावं, तर या कॉलेजसाठी तिनं जिवाचं रान केलेलं. जवळपास दुसरी खोलीही मिळत नव्हती. आपल्या हातात काहीएक उरलेलं नाही, हे कळून ते पुन्हा जिना चढू लागले.

लेक शोधत आली, तेव्हा ते पुन्हा त्याच दारापाशी उभे होते.

"बाबा, आईला सांगणार नसाल तर एक सांगू?"

"सांग."

"ते कुलूप नुसतं नावाला आहे. मोठ्या वर्गातल्या मुली केसांच्या पिनेनं चुटकीसरशी उघडतात." मास्तरांचा चेहरा पाहून ती दोन पावलं मागे सरली. "मी नाही हं जात कुठे! शप्पथ. मला तर ते उघडताही येत नाही."

मास्तरांनी व्हरांड्यात मागेपुढे पाहिलं. कुणी नव्हतं.

"शिकून घे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आणि डोळे मिटून उघडता आलं पाहिजे."