भवानीआधीची पट्टी

आमच्या गावचा बाजार शुक्रवारचा, देवळापुढं भरायचा. बाजारपट्टीच्या पावत्या फाडायचं काम माझ्याकडं, म्हणजे ग्रामपंचायतीच्या सहादेव शिपायाकडं, आणि माझा पगारही त्याच पट्टीतून निघायचा. माल घेऊन बसणाऱ्यामागं दहा पैसे. पण भवानी झाल्याशिवाय, पहिलं गिऱ्हाईक लागल्याशिवाय, कुणापुढं हात करायचा नाही असा रिवाज होता.

एकाहत्तर साली सरपंच पुंजारामअण्णांनी मिरजगावच्या रस्त्याला सिमेंटची कमान बांधायचं मनावर घेतलं. गावात प्यायच्या पाण्याची बोंब, आणि ह्यांना कमान हवी! पट्टी पंचवीस पैसे झाली. वर हुकूम, की वेशीतच वसूल करायची, म्हणजे कुणी सुटणार नाही.

शुक्रवारी सकाळी पहिली आली गोजरबाई, डोक्यावर मिरच्यांची पाटी. तीस वर्षं ती आमच्या बाजारात बसत होती. मी चाचरतच पावती पुढं केली.

"आरं सहादेव, भवानी न्हाई, काय न्हाई, आन् आदीच हात पुढं? आसल्यानं माल इकंल व्हय? आन् हे पैसं कशापायी?"

"कमान बांधायचीय."

"कमानीखाली मिरच्या जास्ती इकत्यात का?"

ती तशीच मागं फिरली आणि ओढा ओलांडून कानिफनाथ नावाच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात जाऊन बसली. ते रान शेजारच्या गावच्या शिवेत, तिथं आमची पावती चालत नव्हती. कानिफनाथ म्हणाला, "बसा की. बैलं माज्या रानात बांदा. शेन माजं, पट्टी न्हाई." दुपारपर्यंत अख्खा बाजार तिकडं गेला. देवळापुढं उरलो मी, पावतीपुस्तक आणि दोन कुत्री.

तीन शुक्रवार असेच गेले. पगार नाही. माझ्या बायकोनं, राहीबाईनं, तोंडाचा पट्टा सोडला. पण खरं सांगतो, आतून मला बरंच वाटत होतं.

चौथ्या शुक्रवारी अण्णा स्वतः ओढा ओलांडून गेले, मी मागं. गोजरबाई उठली नाही, पण बसायला पोतं पुढं सरकवलं.

"काय म्हननं हाय तुमचं?" अण्णांनी विचारलं.

"पाच पैसं. भवानी झाल्यावर. आन् त्यातनं आदी पानी. आमी दिसभर तान्हेलं बसतो."

अण्णांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण पदरी पडलं ते पवित्र झालं. कमान राहून गेली, देवळापाशी पाण्याचा हौद झाला. बाजार परत आला, आणि पाच पैशांची बातमी ऐकून लांबलांबच्या गावचे नवे बसणारेही आले. पावतीपुस्तक दुपारीच संपलं. माझा थकलेला पगार एकदम मिळाला. मी खूश, अण्णा माझ्याहून खूश.

संध्याकाळी पैशांची पिशवी हातात तोलत ते म्हणाले, "सहादेव, येवडी गर्दी हाय. परत दहा पैसं केलं तर?"

जन्मात मी सरपंचापुढं तोंड उघडलं नव्हतं.

"करा की अण्णा," मी म्हणालो. "कानिफनाथानं रान अजून नांगरलं न्हाई."