गोगलगायीला चार्ज

तळ्यातल्या जिवांचं नावगाव विचारायचं नाही, गुण तेवढे पाहायचे, ही त्या प्रयोगशाळेची रीत. कोण काय खातं, किती हलतं, कशाला चिकटतं, याचा एक तक्ता असे. एकच काम दोघं करत असतील, तर एक गेला तरी तळ्याचं काही अडत नाही. इथवर ठीक होतं. पण माणसं कमी करायचा हुकूम वरून आला आणि नव्या साहेबांनी तोच तक्ता कर्मचाऱ्यांनाही लावला.

टाक्या सांभाळणाऱ्या ताईंनी आपले रकाने खरेखुरे भरले, ही त्यांची जुनी खोड. खाणं: मिळेल ते. हालचाल: कमी. जागा: सहसा सोडत नाही. काम: टाक्यांच्या काचांवरचं शेवाळ खरवडणं. ते तपासून कोणता जीव काय खातो हे ताई शोधत, पण त्याला रकाना नव्हता. संगणकाने ताईंना आणि टाकीतल्या गोगलगायीला एकाच गटात घातलं.

दोघींपैकी एकीलाच ठेवता येईल, साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण गोगलगायीला पगार लागत नव्हता.

ताईंच्या नवऱ्याची नोकरी आधीच गेलेली, सासूबाईंच्या डोळ्यांचं औषधपाणी चालू, घर त्यांच्या एकटीच्या जिवावर. निदान मला बोलता तरी येतं, त्या म्हणाल्या. साहेबांनी तक्ता चाळला. बोलण्यालाही रकाना नव्हता.

साहेबांचा नियम असा, की जाणाऱ्याने येणाऱ्याला काम नीट समजावायचं आणि एकही शंका शिल्लक ठेवायची नाही. मग टेबलावर बशीत गोगलगाय आली. ताईंनी दातओठ खात शिकवायला सुरुवात केली आणि बघता बघता रंगून गेल्या. गोगलगाय दोन्ही शिंगं बाहेर काढून ऐकत होती. इतक्या वर्षांत मध्ये न तोडता ताईंचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यांना तिचा राग येईना, उलट रडूच आलं.

संध्याकाळी साहेब चार्ज दिल्याची सही घ्यायला आले. समजलं का सगळं तिला, त्यांनी विचारलं.

ताईंनी डोळे पुसले. "नाही साहेब. तिला एक शंका आहे."

साहेब बशीवर वाकले. गोगलगायीने शिंगं आत घेतली.

"कसली शंका?"

"अजून सांगत नाही. भिडस्त आहे हो फार."

साहेबांनी बराच विचार केला. नियम त्यांचाच होता.

"मग घाई करू नका तिला," ते म्हणाले. "वर्षं लागली तरी चालतील."