कोंडाजीचं शेवटचं कडवं

मित्रांनो, मी एक जुनं तुणतुणं आहे. एक नळकांडं, एक बांबूचा दांडा आणि एक तार, एवढाच माझा संसार. लोहगडवाडीच्या कोंडाजीने मला आपल्या हाताने घडवलं. तळाला बकऱ्याचं कातडं ताणून बसवलं आणि त्याच दिवशी माझ्या तारेवर नवं गाणं बांधलं.

कोंडाजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तो आपलं नाव गुंफायचा. तीच त्याची सही. पण ते कडवं येईपर्यंत लग्नघरात पंगत बसायची आणि ऐकणारे पानाकडे धावायचे. उरायची ती फक्त मागे झील धरणारी त्याची बायको, सावित्राबाई.

पुढे तळेगावच्या गायिका सुनेत्राताई आल्या आणि त्याची गाणी शिकून गेल्या. त्यांनी ती रेकॉर्ड केली. मग कामशेतच्या एका बँडने उचलली, लोणावळ्याच्या श्रीयशने मोबाइलवर गाजवली. गाणं लांबतं म्हणून प्रत्येकाने शेवटचं कडवं गाळलं आणि खाली 'पारंपरिक' असं लिहून टाकलं. गडावर येणारी पोरं कोंडाजीच्याच टपरीवर चहा पीत ती गाणी वाजवायची. हे माझं आहे, असं त्याने सांगितलं की हसायची. मला फार वाईट वाटायचं. खुंटीवर माझ्या अंगावर धूळ साचत होती.

यंदा कोंडाजीने अंथरूण धरलं. मोबाइलमधल्या गाण्यात एकदा तरी आपलं नाव ऐकावं, एवढी एकच इच्छा त्याला उरली होती. त्याचा गळा मात्र बसला होता. म्हणून लेक छकुलीने मला पुसून आईच्या हाती दिलं आणि फोन समोर धरला.

सावित्राबाईला शब्द न् शब्द पाठ होता. पण नावापाशी ती थांबली, तिथे नुसती माझी तार छेडली आणि पुढचं म्हटलं.

"आये, आबांचं नाव घे की," छकुली म्हणाली.

"लगनात उखाण्यात घेतलं त्येवढंच. आता ह्यांच्या म्होरं कसं घिऊ?"

कोंडाजीने ते तसंच ऐकलं. मग तो कुशीवर वळला. तेव्हा छकुली स्वतःच ते कडवं शिकायला बसली. तिला ते यायच्या आत कोंडाजी गेला.

मित्रांनो, गाणं आवडलं तर ते कुणी बांधलं हे विचारा, आणि तो माणूस असेपर्यंत विचारा. सावित्राबाईने नाव का घेतलं नाही, ते मला कळतं. बाकीच्यांचं मात्र अजून कळलेलं नाही.