शून्यावर थांबलेली रेघ

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. शाळेच्या प्रयोगशाळेत, नळाशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम. पंखा घरघरतो, ‘म’ची कळ दोनदा दाबावी लागते.

माझी उमेदीची वर्षं मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. अंगावर झालरीचं कव्हर, शेजारी पाटी : हात लावू नये. पाहुणे आले की कव्हर निघायचं, ‘वा वा’ झालं की चढायचं. कौतुक उदंड, पण प्रश्न मला कुणीच विचारला नाही. पुढे नवे संगणक आले, नि मी अडगळीत गेलो.

तिथून विज्ञानाच्या बाईंनी मला मागून आणलं. तापमान मोजणारी एक तार माझ्या पाठीला जोडली. पण वय झालेलं. मी मधूनच हँग व्हायचो आणि प्रयोगशाळेचे शिपाईकाका खटका बंद करून पुन्हा चालू करायचे. त्यांच्या हाताला ती सवयच लागली.

एक दिवस मुख्याध्यापक आले. म्हणाले, “आज नीट चालला तर राहू दे, नाहीतर उद्या भंगारात.”

बाईंनी भांड्यात बर्फ घेतला, तारेचं टोक त्यात खुपसलं, खाली मंद जाळ लावला. माझ्या पडद्यावर तापमानाची रेघ उणे चारवरून चढत शून्याला आली. आणि तिथंच राहिली.

“बसला म्हातारा,” म्हणत काकांचा हात खटक्याकडे गेला.

“खाली जाळ, आणि हा शून्यच दाखवतोय?” मुख्याध्यापक म्हणाले.

मी खरं तेच सांगत होतो. पण माझ्यावर विश्वास कोण ठेवणार?

बर्फ ढवळणारी वर्गातली एक मुलगी म्हणाली, “काका, थांबा ना जरा. रेघ वर जात नाहीये, पण पुढे सरकतेय. हँग झाला असता तर सरकली असती का?”

“मग जाळाची उष्णता जाते कुठं?” बाईंनी विचारलं.

मुलगी भांड्यावर वाकली. “बर्फच पितोय वाटतं सगळी. वितळायला.”

मुख्याध्यापकांनी स्टूल ओढलं. बर्फाचा शेवटचा खडा हरभऱ्याएवढा झाला, तांदळाएवढा झाला, दिसेनासा झाला. रेघ उचलली. एक अंश. तीन. सात.

“चढली की,” काकांनी हात खिशात घातला.

मित्रांनो, आमच्यावर धूळ बसू देऊ नका, हे तर आहेच. पण आम्ही थांबलेले दिसलो, तर खटक्याआधी भांड्यात डोकावा.

मुख्याध्यापक जाता जाता दारात थबकले. “बाई, पाणी उकळतानाही रेघ अशीच थांबते का हो? उद्या बघू या. मी येतो.”