दोन चमचे औषध

चमच्याची किणकिण झाली आणि पहाटेची शांतता मोडली. स्वयंपाकघरात सासूबाई माझ्या नवऱ्याला, लुसियनला, खोकल्याचं औषध पाजत होत्या.

"आई, मी आत्ताच दिलंय त्याला," मी म्हटलं.

"मग त्याने नको म्हणायचं."

"कुणाला नको म्हणू? दोघी चिडता," लुसियन तोंड पुसत म्हणाला. टेबलाशी आमची छोटी लेक ओडील कुट्टूच्या धिरड्यावर मेपलचा पाक ओतत हे सगळं बघत होती.

किती वर्षांनी यंदा चिठ्ठीत आमचं नाव निघालं होतं, मूसच्या, म्हणजे घोड्याहून थोराड सांबराच्या, शिकारीचा परवाना मिळाला होता. एक मूस मिळाला की हिवाळाभराच्या मांसाची सोय. पण आठवडाभर एकच रड. लुसियन भूर्जाच्या सालीच्या भोंग्यातून मादीसारखी हाक घालायचा, रानातून नर ओ द्यायचा, आणि ऐन वेळी लुसियनला ढास लागायची. आज शेवटचा दिवस.

बाटलीवर लिहिलं होतं, झोप येऊ शकते. मी गाडीची किल्ली आणि बंदूक दोन्ही माझ्याकडे घेतली. परवान्यावर माझंही नाव होतंच.

दलदलीच्या काठाला उजाडलं. खोकला खरंच गेला होता. लुसियनने एक हाक घातली, दुसरी अर्धीच राहिली. बघते तर हा झाडाला टेकून गाढ झोपलेला. भोंगा तोंडाशी तसाच, आणि त्यातून घोरणं घुमत होतं, लांबलचक आणि हळवं. आमच्या लग्नातही इतक्या प्रेमाने बोलला नव्हता.

उठवायला हात पुढे केला, तेवढ्यात पलीकडची झुडपं मोडली. भलीमोठी शिंगं डोलवत नर सरळ त्या घोरण्याच्या रोखाने येत होता. मी श्वास रोखला, नेम धरला.

बार ऐकून लुसियन दचकला. "कोण खोकलं?"

संध्याकाळी शेजारीपाजारी मांस कापायला जमले. सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, "हाक मारली माझ्या लेकाने. सूनबाईने फक्त चाप ओढला."

"झोपेत मारली," मी म्हटलं.

"झोपेत का होईना. माझ्या चमच्याने."

ओडील औषधाची बाटली उजेडात धरून आत बघत होती. मग माझ्या मांडीवर चढली.

"आई, बाबांचा खोकला आला होता ना, बाहेर नाही पडला. मग तो गेला कुठे?"